पिक्चरमध्ये कोणालाच भेव वाटत नाही

सलीम,

तुला मातीत ठेवून आल्यापासून मी घाबरलेला आहे. लोकांना सांगतो, दुःख झालं. ते सांगायला सोपं असतं. खरं म्हणशील तर मला भीतीच जास्त वाटते आहे. दुकानाचं शटर वर करायला हात धजत नाही. फोन वाजला की मी तो उचलत नाही. तुझी कॅमेऱ्याची बॅग अजून व्हॅनमध्येच आहे, आणि व्हॅनजवळून जाताना मी दुसरीकडे बघतो. काल बायको म्हणाली, "असे काहून करून राह्यले तुम्ही? दोन घास खा ना नीट." खाल्ले. पण सगळा वेळ दाराकडे तोंड करून बसलो होतो.

हे असं पुस्तकी मराठीत लिहितोय म्हणून हसू नकोस. आपण आयुष्यात एकमेकांना कधी काही लिहिलं नाही. जे बोललो ते महागावच्या भाषेत, आणि त्यातही निम्म्या शिव्या. कागद समोर घेतला की शाळेतले मास्तर डोळ्यांपुढे येतात आणि 'मले'चं आपोआप 'मला' होतं.

तुझ्याबद्दल लोक सांगतात की सलीमला हिंदी पिक्चरचा भारी राग. त्यांना अर्धंच माहीत आहे. राग नंतर आला. आधी तू त्या पिक्चरवर जीव टाकायचास. एस.टी.नं पुसदला जाऊन आपण किती पिक्चर पाहिले. मला गाणी लक्षात राहायची. तुला ओढणी कुठून कुठे उडाली, हिरोइनच्या गालावर ऊन कोणत्या बाजूनं पडलं, हे लक्षात राहायचं. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा सुरू केला तेव्हा आपल्याकडे विद्या तेवढीच होती. तू घरचा टेबल फॅन आणि लांबलचक वायर घेऊन फिरायचास. नवरीची ओढणी उडाली पाहिजे म्हणून. एकदा फुलसावंगीच्या एका मांडवात त्या फॅनमध्ये नवरदेवाच्या बाशिंगाची झालर अडकली, तेव्हा तू आणि मी स्वयंपाकाच्या चुलीमागे जाऊन पोट धरून हसलो होतो.

मग हळूहळू तुझं हसणं बंद झालं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपण नवा पिक्चर लावायचो आणि तू मध्येच उठून काचा पुसायला लागायचास. म्हणायचास, "सगळे चिकने. घामच नाई कोणाले. स्वयंपाकखोली पाह्य, आपली ग्रामपंचायत मावंल तिच्यात. अन् स्वयंपाक कोणी करून नाई राह्यलं." मी म्हणायचो, "अबे, दिवसभर उन्हात मरमर केल्यावर माणसाले थोडा बरफ पाहू दे, विमान पाहू दे. तुह्या बापाचं काय जाते?"

"बरफाचं माह्यं काही म्हणणं नाई," तू म्हणायचास. "पण यायच्यात कोणाले भेवच वाटत नाई. मले तर नसरीन आवडली त्या दिवसापासून भेवच लागलं. नाही म्हणते का याचं भेव. हो म्हणली त्याच्यावर तर जास्त. तिच्या अब्बासमोर गेलो तवा पायजम्यात गुडघे वाजत होते. अन् हे लेकाचे? पोट्टी नाही म्हणते, हा गाणं म्हणते. पोट्टी रागावते, हा तिच्या घरापर्यंत जाते. शेवटी ती हसते. दरवेळी हसते. असं कुठं असते बे?"

मला तेव्हा हे तुझं काहीतरी खूळ वाटायचं.

गेल्या साली तूर फुलली होती तेव्हाची गोष्ट मी कोणालाच पूर्ण सांगितलेली नाही. आज तुलाच सांगतो, म्हणजे माझ्या बाजूनं कशी दिसली ती.

फुलसावंगीच्या विठ्ठलरावांची कोमल. नवरदेव पुसदकडचा, शेती, दुकान, नवी गाडी. लग्नाआधीचा व्हिडिओ काढायचा होता, आता सगळेच काढतात. त्यानं मोबाईलमध्ये एका पिक्चरचा तुकडाच आणला होता. पिवळं रान, हिरो मागून येऊन मुलीचं मनगट धरतो, ती रागावते, हात सोडवू पाहते, मग त्याच्या डोळ्यांत बघते आणि विरघळते. "अगदी अस्संच पाह्यजे," तो म्हणाला. आपल्याकडे सरसों कुठली, म्हणून आपण विठ्ठलरावांच्याच फुललेल्या तुरीत गेलो. पिवळेपणा काय, मी नंतर कॉम्प्युटरवर वाढवणारच होतो.

कोमलची चुलत बहीण सोबत होती, ती बाभळीच्या सावलीत मोबाईल बघत बसलेली. नवरदेवाचा मित्र मोठमोठ्यानं हसत होता. तू कॅमेऱ्यावर, मी ड्रोन उडवत होतो. पुन्हा पुन्हा तेच चाललं होतं. तो मनगट धरायचा, ती थांबायची, त्याला काही पटायचं नाही. मग एकदम तू कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलंस आणि म्हणालास, "लाईट गेला." ऊन तर चांगलं सोन्यासारखं पडलं होतं. नवरदेव करवादला. मी त्याला ड्रोनचं चित्र दाखवायला गाडीकडे नेलं. तेवढ्या वेळात तू कोमलला घेऊन धुऱ्याकडे, शेताच्या बांधावर गेलास. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही.

परतताना व्हॅनमध्ये तू म्हणालास, "थे पोट्टी भेली हाय."

"लाजते बे. नवी नवरी हाय."

"लाज अन् भेव मले समजत नाई का? मी तिले इचारलं, बाबाले दाखवू का? ती म्हणे, दाखवा."

मी विषय बदलला. पार्टी मोठी होती आणि मला काम पुरं करून मोकळं व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो तुकडा तयार केला. चित्राची चाल मंद केली, तूर पिवळीधमक केली, वर गाणं टाकलं. इतकी लाजरी दिसत होती कोमल. मी खूश होऊन तुला बोलावलं. तू उभ्याउभ्या पाहिलंस आणि म्हणालास, "आता गाणं काढ. स्पीड सरळ कर. अन् आवाज चालू कर."

कॅमेऱ्यातला आवाज आपण नेहमी फेकूनच देतो. त्याच्यावर गाणं येणार असतं, तो ऐकणार कोण? मी तो चालू केला. वारा, मित्राचं खिदळणं, आणि मग तिचा आवाज, "हात सोडा ना. दुखून राह्यला." त्याचा आवाज, "हस ना. पिक्चर नाही पाह्यला का कधी? नाही म्हणल्यावरच तर मजा येते." थोडा वेळ नुसता वारा. मग तो अगदी हळू म्हणाला, "आता आखडते का? लग्न होऊ दे, मंग पाहतो तुले." आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून हसला.

सलीम, मला एवढं भेव कधी वाटलं नव्हतं. त्याचं तर वाटलंच, पण माझ्या हातांचं जास्त वाटलं. एक गाणं टाकून आणि चाल थोडी मंद करून मी त्या पोरीच्या भीतीची लाज करून टाकली होती. आणि ती इतकी सुंदर दिसत होती की ते मलासुद्धा खरं वाटलं होतं. असे किती चेहरे आपण आजवर असे मंद केले असतील, हा विचार माझ्या मनात आला आणि मी माऊसवरून हात काढून घेतला. तू माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणालास, "चाल. फुलसावंगीले जाऊ."

मी आलो, पण वाटभर म्हणत होतो की परत फिरू.

विठ्ठलरावांच्या ओसरीत कापूस भरलेला होता. त्यालाच टेकून आपण बसलो. तू आधी गाण्याचा तुकडा दाखवलास. ते खुलले. "मस्त झालं, सलीमभाऊ. सिनेमातल्यासारखं दिसून राह्यलं." मग तू दुसरा लावलास. त्यांनी पाहिला. म्हणाले, "अजून एक डाव लावा." दुसऱ्यांदा त्यांनी पाहिलंच नाही, मोबाईल कानाला लावून नुसतं ऐकलं. मग कोमलच्या आईला हाक मारली आणि तिच्या कानाला मोबाईल दिला. ती ऐकता ऐकता खाली बसली. म्हणाली, "तिनं सांगितलं होतं मले. मीच म्हटलं, सुरुवातीले सगळ्यायलेच असं होते."

आतल्या खोलीच्या दारात कोमल उभी होती, ती तशीच उभी राहिली. विठ्ठलरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. आपल्याला म्हणाले, "चहा घेऊन जा." बस्स. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "मेलो बे आपण."

दोन दिवसांत सोयरीक मोडली.

आणि मग ते आले. भर दुपारी, मोटरसायकलींवर, नवरदेवाचे मित्र आणि आणखी कोणी. दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, "काय रे, कॅमेऱ्यातून पाहता पाहता पोरगी तूच पसंत केली का?" मग त्यानं विचारलं, "नाव काय म्हणे तुझं?"

त्याला तुझं नाव माहीत होतं. सगळ्या बाजारपेठेला ते ऐकवायचं होतं. तू खाली मान घालून म्हणालास, "सलीम." तो म्हणाला, "जोरानं सांग ना."

आपण पहिलीपासून एका बाकावर बसलो. तुझं नाव सलीम आहे म्हणून भिण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या दुपारी आली. ते गेल्यावर मी शटर खाली ओढलं आणि आपण दोघं आत उकाड्यात बसून राहिलो.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. कॅमेरावाला आणि पोरगी. लोकांना ती जुळवावीसुद्धा लागली नाही. तू म्हणालास, "पाह्य गज्या, लोकायले दुसरी गोष्टच येत नाई. पोरीच्या मदतीले माणूस गेला म्हणजे तो हिरो, नाहीतं व्हिलन. तिसरा कोणी राहू शकते, हे पिक्चरनं दाखवलंच नाई." हे बोलताना तुझे ओठ कोरडे पडले होते. नसरीनभाभी तुला एकट्याला बाहेर सोडेना. मी सकाळी तुला घ्यायला यायचो आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचवून द्यायचो. एका लग्नाचं चित्र सगळं हलतं आलं. तुझे हात थरथरत होते. पार्टी ओरडली, तू माफी मागितलीस. भीती मी तुझ्यात तेव्हा रोज पाहत होतो आणि तुला माझ्यात दिसत असणार. पण त्याबद्दल आपण एक शब्द बोललो नाही. बोलायचो ते बॅटऱ्या चार्ज आहेत का, एवढंच.

मग तो बाजाराचा दिवस. रस्ता माणसांनी भरलेला, आणि विठ्ठलराव आले. सोबत बायको आणि कोमल. आपल्या दुकानासमोरच्या बाकावर बसले, समोरच्या टपरीवाल्याला हाक मारून चहा सांगितला आणि म्हणाले, "सलीमभाऊले पहिले दे." मग म्हणाले, "घरच्यायचा एक फोटो काढा."

तू म्हणालास, "आत या ना, पडदा हाय, लाईट हाय."

"आत नाई. इथंच काढा."

पायरीवर तिघं उभी राहिली. गर्दी थांबून बघत होती. कोणीतरी न राहवून विचारलंच की विठ्ठलभाऊ, हे काय चाललंय. ते म्हणाले, "माह्या पोरीनं आईले सांगितलं होतं, पण आम्हाले ऐकूच नाही आलं. या दोघायनं ऐकू येईल असं केलं. दुसरं काही झालं नाई." तू फोटो काढलास. कोमल हसली नाही, तूही तिला हस म्हणाला नाहीस.

त्यानंतर सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. काही कामं गेली ती परत आली नाहीत. पण दुकानासमोर मोटरसायकली येणं थांबलं, आणि भाभी तुला एकट्याला बाजारात पाठवू लागली.

त्या नवरदेवाचं पुढं लग्न झालं, दुसऱ्याच कुठल्या गावच्या मुलीशी. त्यांचाही लग्नाआधीचा व्हिडिओ निघाला. आपण तो मोबाईलवर पाहिला. पिवळं रान, मंद चाल, मनगट. गाणं छान होतं. मुलगी लाजत होती. तू मोबाईल उलटा ठेवलास आणि म्हणालास, "हिचा आवाज कोणाजवळ असंल बे?"

मला अजूनही हे वाक्य ऐकू येतं.

त्याच्यावरूनच आपलं शेवटचं भांडण लागलं होतं. मी म्हणायचो, माणूसच तसा होता, पिक्चरला कशाला दोष देतोस. त्याचा बापही तसाच असेल आणि त्याच्या बापाच्या वेळी असे पिक्चर कुठे होते? तू म्हणायचास, "तसा असंन. पण तो जे बोलला, थे शब्द त्याले कोणं देल्ले? अन् तिच्या तोंडातले कोणं काढून घेतले?" त्या सकाळी आपण उमरखेडकडे लग्नाला निघालो तेव्हा हेच चाललं होतं. व्हॅन तू चालवत होतास. माझ्याकडे एक चांगला मुद्दा तयार होता. मी तो मांडणार, तोच तू व्हॅन बाजूला घेतलीस. स्टेअरिंगवर डोकं ठेवलंस. मला वाटलं, माझ्या बोलण्याला कंटाळलास.

तुला बाजूला सरकवून मी व्हॅन हाकली. तू माझी बाही धरली होतीस. म्हणालास, "गज्या, भेव वाटून राह्यलं."

आणि मी काय म्हणालो? "काही होत नाही तुले. मी हाय ना." अख्खा जन्म ज्या पिक्चरशी तू भांडलास, त्यातलंच वाक्य मी तुला ऐकवलं. मलाही वाटून राह्यलं रे, लय वाटून राह्यलं, एवढं म्हणायचं होतं. दवाखान्याच्या फाटकात तू विचारलंस, गाडी सावलीत लावशील का, आत कॅमेरे आहेत. मी हो म्हणालो. त्यानंतर तू बोलला नाहीस. आत बाकावर बसलो होतो तेव्हा माझ्या तोंडात तो मुद्दा तसाच होता. आता तो काय होता हेही आठवत नाही.

काल कोमल आली होती, भाभीला भेटायला. यवतमाळला नर्सिंग शिकते आता. विठ्ठलराव अंगणात तुझ्या भावाजवळ बसले. आत भाभी, कोमल आणि मी. मग कोमल म्हणाली, "काका, खरं सांगू? त्या दिवशी मले सलीमकाकायचंही भेव वाटलं होतं."

मी भाभीकडे पाहिलं. भाभी खाली बघत होती.

"धुऱ्याकडे चाल म्हणले तवा माह्यं पाऊलच उचलेना," कोमल म्हणाली. "वाटलं, आता हे बी काही म्हणतीन. तिथं कोणीच नव्हतं."

"मग सांगितलं कसं तू?" मी विचारलं.

"ते माह्याकडे पाठ करून उभे राह्यले. म्हणे, बाई, मी तुरीकडे पाहून राह्यलो. तुले सांगायचं असंल तर सांग, नसंल तर नको सांगू, मी असाच निघून जातो. मी लय वेळ बोललीच नाही. ते वळलेच नाही, काका. शेवटपर्यंत वळले नाही."

भाभीनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. म्हणाली, "मेरेकू तो घूर घूर के देखते थे. चाय करताना बी. मी म्हणायची, उधर देखो ना जरा." आणि ती हसली, आणि हसता हसता तिनं ओढणीचा पदर तोंडावर घेतला. कोमल तिच्या शेजारी जाऊन बसली.

तुला हे माहीत नव्हतं, सलीम. ती तुलाही भ्याली होती. कळलं असतं तर तू कित्येक दिवस मान वर केली नसतीस, मी ओळखतो तुला. म्हणून ती आधी बोलली नाही हे बरंच झालं. पण मला मात्र तेव्हापासून एकच गोष्ट छळते आहे. त्या धुऱ्यावर तुझ्याजागी मी असतो तर मी चांगल्या मनानंच विचारलं असतं, तिच्या तोंडाकडे बघत, जवळ उभा राहून, आणि ती एक शब्द बोलली नसती. मला पाठ फिरवायचं सुचलं नसतं.

म्हणून भितो आहे. उद्या दुकान उघडतो. कॅमेरा डोळ्याला लावताना हात कापतील, तर कापू दे. चित्र हललेलं चालेल.

तुझा,
गजू